मल्हारीमामांचा स्क्रू ड्रायव्हर

सातपूरच्या आमच्या कारखान्यात मशीन कुरकुरू लागलं की मल्हारीमामा स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याला टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. आतलं कुठलं बेअरिंग गेलंय, ते नुसतं ऐकून सांगतात.

माझं डोकं दिवाळीपासून ठणकतंय. डॉक्टरांनी स्कॅन करायला सांगितलाय, पण आत काय निघेल या भीतीनं मी जात नाही. कळ आली की संडासात जाऊन रुमाल दातांत धरून बसतो. कुणी विचारलंच तर ‘पित्त’ म्हणतो.

आज जेवणाच्या सुट्टीत मी डोळे पुसत तिथून बाहेर आलो, आणि समोर दीपक.

“मामा, सोमनाथचं बेअरिंग बघा जरा!” तो ओरडला. सगळे हसले. लाजेनं मेल्यासारखं झालं, तरी मीही हसत मान पुढे केली.

मामांनी टोक माझ्या कपाळाला टेकवलं. मशीनं बंद होती. हळूहळू मामांचं हसू मावळलं, मग बाकीच्यांचंही.

“काय झालं, मामा?”

त्यांनी हातानंच मला गप्प केलं. मूठ कानावरून तोंडाशी नेली आणि हळूच म्हणाले, “हो, ऐकू येतंय. याला सांगू का?”

आणि मूठ पुन्हा कानाला लावली.