ठोक्या

खेळातल्या गुहेत शिरायच्या आधी धनेशने नेहमीप्रमाणे विचारलं, "आक्का आली का?"

कारखान्यात चहा विकणारी आक्का किटली घेऊन दारातच होती. ती येऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली, तेव्हा कुठे त्याने बटण दाबलं. सगळे हसले. यूनुसशेठच्या सायझिंगमध्ये, म्हणजे विणायच्या आधी सुताला खळ चढवतात त्या कारखान्यात, हे आता सगळ्यांना पाठ झालं होतं. आक्का पाठीशी असल्याशिवाय धनेशचा हात चालत नाही.

शेठच्या भावाने कुवेतहून आणलेला व्हिडिओ गेम दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ऑफिसातल्या टीव्हीवर लागायचा. तलवार घेतलेला एक वीर, सात डोंगर आणि वाटेत नाना तऱ्हेची भुतावळ. बाकीची भुतं कशीही झोडपता यायची, एक जात मात्र कोणाला आवरत नव्हती. तिचं नाव काहीतरी इंग्रजी होतं. कामगारांनी बारसं केलं, ठोक्या.

ठोक्या अंधाऱ्या गुहेत राहायचा. गुहेत शिरलं की पडदा काळाकुट्ट. मग पाठीमागून भिंतीवर तीन ठोके पडायचे. त्याच क्षणी वळून वार केला तर ठोक्या मेला. उशीर झाला की वीराचं मुंडकं गेलं.

बहुतेक कामगार आधी यंत्रमागावर घासून आलेले. मागांच्या खडखडाटात ओठ बघून बोलणं ओळखायची सवय, आणि कान अर्धेमुर्धे कामातून गेलेले. धनेशनेही आठ वर्षं माग चालवले होते, पण ठोका पडला की तो असा गर्रकन वळायचा की बघणारे थक्क व्हायचे. यूनुसशेठ म्हणायचा, कान असावा तर असा.

आज मात्र खेळ गमतीचा नव्हता. बॉयलरवरची जागा रिकामी झाली होती. तिथला जुना माणूस दाजी ठार बहिरा झाला, म्हणून शेठने त्याला वीस वर्षांच्या नोकरीनंतर एका सकाळी घरी पाठवलं. या जागेबरोबर आवारातली एक खोली मिळायची, आणि धनेशचा सगळा जीव त्या खोलीत अडकला होता. तो नऊ जणांच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचा. बायको उन्नती तान्ह्या पोरीला घेऊन गणेशपुरीला माहेरी होती. उन्नती फोनवरून पोरीचा आवाज ऐकवू बघायची, पण धनेशला फोनचं वावडं. रजा मिळाली की तो थेट एसटी पकडायचा. सहा महिन्यांत तशी दोनदाच मिळाली होती.

दुसरा उमेदवार दौलत. दाजीच्या हाताखाली तीन वर्षं काढलेला, कामात तयार. शेठने दोघांनाही ठोक्यापुढे बसवलं. "दस मौके दोघांना. जो जास्त मारील, बॉयलर त्याचा. कान असल्याशिवाय तिथं काम न्हाय."

दौलतने सात मारले. तीनदा ठोका ऐकूनही त्याची बोटं भलत्याच बटणावर गेली.

मग धनेश. काळ्या पडद्यात डोळे रोवून तो बसला. ठोके पडले, आक्का दचकली, पदर तोंडाला गेला, धनेश वळला, ठोक्या मेला. दर खेपेला तेच. आक्काला त्या प्राण्याची दया यायची.

"आंधला हाय बिचारा," ती म्हणाली. "कोन हाय का, म्हनून ठोकतंय. तुमी त्याला मारताव."

धनेश तिच्याकडे वळून बघत होता. तो हसला, आणि कानाला हात लावून दाजीची नक्कल केली. "आँ? काय? कोन ठोकतंय?" ऑफिस हास्याने दणाणलं. दाजी बाहेर हिशेब मिटायची वाट बघत बाकावर बसला होता. आत माणसं का हसतात, हे त्याला कळलं नाही.

धनेशने दहाच्या दहा मारले. मागच्या शुक्रवारी आक्का तापाने घरी होती तेव्हा तो पहिल्याच ठोक्याला मेला होता, पण ते आता कोणाला आठवलं नाही.

पंधरा दिवसांत उन्नती पोरीला घेऊन खोलीत राहायला आली. धनेशने दाराला तोरण लावलं. दौलत मदतनीस म्हणून त्याच्याच हाताखाली आला, कुरकुर न करता.

महिन्याने एका बॉयलरची सफाई निघाली. आतल्या भिंतींवरची खपली खरवडायला दौलत मागच्या भोकातून आत उतरला. ते भोक पुढून दिसत नसे. दाजीच्या काळापासूनचा नियम साधा होता. शेजारच्या बॉयलरची वाफ सोडली की ती जोडनळातून या बॉयलरमध्येही शिरायची, म्हणून आधी याच्या पत्र्यावर पान्याने तीन ठोके द्यायचे आणि थांबायचं. आतून ठोके आले तर माणूस आत आहे. नाही आले तरच वाफेचं चाक फिरवायचं.

दौलत दहापर्यंत बाहेर येतो म्हणाला होता. साडेदहा झाले. खळीच्या हौदाला वाफ हवी होती, ट्रक उभा होता, आणि शेठ लांब ऑफिसच्या पायरीवरून हातवारे करत होता, चालू कर.

धनेशने फाटकाकडे बघितलं. चहाची वेळ टळली होती, आक्का अजून आली नव्हती. त्याने आणखी थोडी वाट बघितली. शेठने पुन्हा हात हलवला, या वेळी रागाने. खोलीच्या दारात उन्नती पोरीला कडेवर घेऊन कौतुकाने त्याचं काम बघत होती.

त्याने पान्याने तीन ठोके दिले. मान तिरकी करून, शेठला दिसेल असा, कान देऊन उभा राहिला. मनात वीसपर्यंत मोजलं. मग चाक फिरवलं.

तेवढ्यात कोपऱ्यावरून किटली घेऊन आक्का आली. चार पावलांवर थबकली. दचकली, आणि तिचा पदर तोंडाला गेला.

धनेश त्याच क्षणी गर्रकन बॉयलरकडे वळला. चार वर्षांपूर्वीच दोन्ही कान गेलेल्या त्या माणसाने टीव्हीच्या काळ्या काचेत तो पदर इतक्यांदा बघितला होता, की तो दिसल्यावर वळायला त्याला आजवर एकदाही उशीर झाला नव्हता.