मामाच्या घरातलं

कोयता दाराच्या चौकटीत चार बोटं रुतला आणि तिथंच अडकला. वुनियानीनं पाय लावून तो उपटला. लाकडाचा ढलपा म्हाताऱ्या नेमानीच्या पायाशी पडला.

"मामा, बाजूला हो. साकिउसाला बाहेर काढ."

नेमानी दारातून हलला नाही. त्याच्या हातात काथ्याच्या दोरीला बांधलेला देवमाशाचा दात होता, वीतभर लांब, धुरानं तांबूस झालेला. आत पलंगाखाली त्याचा मुलगा साकिउसा लपला होता. बाहेर लेवुकाचा किनाऱ्यावरचा अख्खा रस्ता गोळा झाला होता. या जुन्या राजधानीची लाकडी दुकानं भरदुपारी ओस पडली होती, मासळीच्या कारखान्यातल्या बायका पांढऱ्या बुटांसकट धावत आल्या होत्या. कोणीतरी पोलिसांकडे पळालं होतं. कोयत्याच्या आड मात्र कोणी येत नव्हतं.

दहा दिवसांपूर्वी याच घरात यांगोनाच्या मुळांचा गुंगीचा काढा पिताना थट्टा चालली होती. आतेभाऊ-मामेभावांनी एकमेकांची आयमाय काढायची, आपल्याकडे ते नातंच तसलं. वुनियानीचा धाकटा भाऊ इसोआ साकिउसाच्या नव्या बायकोबद्दल काहीतरी बोलला. साकिउसानं वल्हं उचललं. एकच घाव, आणि इसोआचं डोकं नारळासारखं फुटलं. पोलिसांनी साकिउसाला नेलं, कोर्टानं जामिनावर सोडलं.

नेमानी दोनदा हाच दात घेऊन माफी मागायला वर लोवोनीला गेला होता. लोवोनी म्हणजे बेटाच्या विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात वसलेलं भाच्यांचं गाव, तीन तासांची चढण. दाताला हात लावला की माफी दिली, मग उलटता येत नाही. वुनियानीनं दोन्ही वेळा हात पाठीमागे बांधून घेतले.

"लेवुकाच्या समेटाचं जेवण आमच्या पणज्यांनी एकदा खाल्लं," तो तेव्हा म्हणाला होता. "हात धुवायच्या आत धरलं त्यांना आणि विकलं. आम्ही उपाशीच बरे."

हे घडलेलं आहे. लोवोनीचं पोर ते बोलायला लागायच्या आधी शिकतं.

"भाच्यानं मामाच्या घरातलं काहीही न विचारता न्यावं," वुनियानी आता दारात म्हणाला. "तूच शिकवलंस ना? तुझी डुकरं नेली, होडी नेली, तू हूं की चूं केलं नाहीस. आज तुझा पोरगा न्यायला आलोय."

रीत खरी होती. भाच्यानं उचलायचं आणि मामानं हसायचं, असंच चालत आलंय. पण रीत अशी कोणी वापरली नव्हती.

नेमानीनं दोन्ही हातांनी दात पुढे केला. वुनियानी त्यावर थुंकला.

तेव्हा म्हातारा बिथरला. त्यानं दात मुठीत धरला आणि भाच्याच्या तोंडावर हाणला. दगडासारखं जड हाड ते, ओठ उभा फाटला.

"कोयता काय अळकुड्या सोलायला आणलास?" नेमानी म्हणाला. "इसोआही असाच होता. तोंडाचा शूर."

मेलेल्या भाच्याला असं बोलावं, आणि तेही दहाव्या दिवशी! म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असंच सगळ्यांना वाटलं. "नेमानी, गप बस रे, मारील तो तुला," कारखान्यातली एक बाई रडत म्हणाली.

वुनियानीनं घाव घातलाच. नेमानीनं डावा हात आडवा धरला. कोयता मनगटाच्या वर हाडापर्यंत गेला आणि उंबरा रक्तानं भिजला. म्हाताऱ्यानं उजव्या हातानं पुन्हा दात मारला, गालावर. मग कपाळावर.

"माझ्या बहिणीनं पोरगे जन्माला घातले की अळकुड्या?"

कपाळावरचं रक्त वुनियानीच्या डोळ्यांत उतरलं. त्याला धड दिसेना. चौथा घाव येताना त्यानं डाव्या हातानं दात पकडला, पिरगळला, दोरी तोडून हिसकावला आणि त्याच दातानं म्हाताऱ्याचं डोकं फोडायला हात वर नेला.

नेमानी मटकन खाली बसला. मांडी घातली. कापलेल्या हाताचा तळवा दुसऱ्यावर आपटून त्यानं टाळी वाजवली. पोकळ, जड टाळी, काही स्वीकारलं गेलं की आपण वाजवतो तशी. एक. दोन. तीन. मग बायकांनी वाजवली. मग सगळ्या रस्त्यानं.

वुनियानीचा हात वरच राहिला. त्यानं मुठीकडे पाहिलं.

"मी घेतला नाही," तो म्हणाला. "मी हिसकावला."

"भाचा मामाकडून घेतो ते हिसकावूनच," नेमानी म्हणाला. "नुसता पुढे केला तर घेत नव्हतास."

दात फेकून देता आला असता. पण मामाच्या घरातून नेलेलं परत केल्याचं या बेटावर कोणी ऐकलेलं नाही. वुनियानी कोयता खाली टाकून उंबऱ्यावर बसला आणि भावाचं नाव घेऊन रडला. दहा दिवसांत तो पहिल्यांदा रडत होता. कुणीतरी एप्रन फाडून म्हाताऱ्याचा हात आवळून बांधला.

"पोरगा न्यायला आलो म्हणालास," नेमानी म्हणाला. "तोही ने. कोर्ट बोलावील तेव्हा खाली धाड."

साकिउसा पलंगाखालून रांगत आला आणि वुनियानीच्या पायाशी कपाळ टेकून तसाच पडून राहिला. त्याची मान उघडी होती. वुनियानीनं कोयता उचलला. गर्दी मागे सरली.

वुनियानीनं पात्यावरचं रक्त शर्टाला पुसलं, साकिउसाला कॉलर धरून उभं केलं, कोयता त्याच्या हातात दिला आणि पाठ फिरवून डोंगराच्या वाटेनं पुढे चालू लागला.

"चल," तो मागं न बघता म्हणाला. "इसोआनं लावलेल्या अळकुड्या काढायच्या राहिल्यात."