लेखनिक

मृण्मयी बोलायची थांबली, पण पेन थांबलं नाही.

तिने मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. पेन चालूच. कागदावर खसखसत पुढे जायचं, ओळ संपली की मागे यायचं, पुन्हा खसखस. खोलीत तिघंच होते. ती, तिची लेखनिक त्रिवेणीकाकू, आणि दाराजवळच्या खुर्चीत बसलेले सुपरवायझर प्रतापराव सर. ते कधीपासून वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. अंध परीक्षार्थीला वेगळी खोली मिळते, तासामागे वीस मिनिटं जास्त मिळतात. मृण्मयीने सांगायचं आणि काकूंनी लिहायचं, एवढाच त्या खोलीतला कारभार. मग हे न सांगितलेलं कुठून लिहिलं जात होतं?

"काकू, काय लिहिताय?"

पेन थांबलं. "तू सांगितलेलंच की गं. मागं राहिलेलं पुरं करायलेय. बोल तू, टेन्शन नको घेऊ."

मृण्मयीला ते पटलं नाही. काकूंचा हात मागे राहणारा नव्हता.

नल्लकुंटा वस्तीतल्या त्रिवेणीकाकू दहावी शिकलेल्या. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला लागतो, म्हणून बुद्धविहारातल्या महिला मंडळाने पाच वर्षांपूर्वी त्यांनाच पुढे केलं होतं. पेपर तर त्या लिहीतच, शिवाय सगळी पुस्तकं मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करून देत. स्वयंपाक उरकला की एक धडा, धुणं उरकलं की दुसरा. त्या आवाजावर मृण्मयी बी.ए. झाली आणि एम.ए. मराठीच्या पहिल्या वर्षी चक्क विद्यापीठात पहिली आली. आज दुसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर. तो निघाला की बरकतपुऱ्यातल्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी ठरल्यातच जमा होती.

विहारात सत्कार झाला तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली होती, "पोरीला दिसत तर नाही. मग मार्क हिचे का लिहिणारीचे?" लोकांना वाटतं, डोळे नसले की कानही नसतात. मृण्मयी हार घालून हसत उभी राहिली होती. पण ते वाक्य जे तिच्या पोटात जाऊन बसलं, ते काही केल्या निघालं नव्हतं.

प्रश्न तिसरा, जात्यावरच्या ओव्या. तिने पुन्हा सुरुवात केली आणि मुद्दाम वाक्य अर्ध्यावर तोडलं. "जात्यावर बसलेली बाई आपलं दुःख..."

पेन धावत सुटलं. आता तर ते जास्तच जोरात चाललं होतं.

समोर रोजच्या काकू बसल्या आहेत याचीच तिला खात्री वाटेना. त्यांच्या केसांच्या तेलाचा वास तोच होता, बांगड्यांचा आवाज तोच होता. पण मृण्मयीच्या बोलण्याची वाट न बघता लिहीत सुटलेली ही बाई दुसरीच कुणीतरी होती. तिने चाचपडत हात पुढे केला. काकूंचं मनगट हाताला लागलं. ते थंडगार पडलं होतं, घामाने ओलं होतं. आणि तिच्या बोटांखालीही ते थांबलं नाही.

मृण्मयीने हात मागे घेतला. सांगावं तर पेपर रद्द, वर्ष पाण्यात, नोकरी गेली. काकूंना विहारात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. गप्प बसावं तर मागच्या रांगेतली ती बाई जन्मभर कानाशी कुजबुजत राहणार. तिला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग. मार्क थोडे पडले तरी चालणार होते. पण ते तिचे हवे होते.

"सर," ती म्हणाली, "माझा पेपर मला वाचून दाखवा. मी सांगितलं नाही तेही काकू लिहितायत."

"मृण्मयी, नको गं," काकू पुटपुटल्या.

प्रतापराव सर उठून आले. उत्तरपत्रिका उचलून त्यांनी सावकाश वाचायला घेतली. पहिला प्रश्न तिचाच होता, शब्द न शब्द. दुसराही तिचाच. घाईत ती 'म्हणजे' दोनदा म्हणाली होती, तेसुद्धा काकूंनी दोनदाच लिहिलं होतं. तिसऱ्या प्रश्नाशी सर हळू झाले. "जात्यावर बसलेली बाई आपलं दुःख," त्यांनी वाचलं. "बस. पुढे काही नाही."

मृण्मयीचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच तिला स्वतःची लाजही वाटली.

"मग पेन कशावर चाललं होतं, सर?"

"रफ कागद दिसतायत खाली." पानं उलटल्याचा आवाज झाला. एक, दोन, मग बरीच. मग सर म्हणाले, "हे रफ नाही. तुझ्याच प्रश्नांची उत्तरं आहेत. पण तुझी नाहीत, वेगळी आहेत. चांगली आहेत. वर नाव घातलंय, त्रिवेणी भिवाजी सोनकांबळे."

काकूंचं सासरचं आडनाव गायकवाड होतं.

"माहेरचं नाव हाय, सर," काकूंचा आवाज कसाबसा आला. "दहावीच्या सर्टिफिकेटवर तेच हाय. दर पेपराला लिहिते, अन् घंटी झाली की फाडून टाकते. आज शेवटचा पेपर, हात थांबेचना."

सर पुन्हा पहिल्या पानावर गेले.

"नावाशेजारी 'हॉल तिकीट नंबर' लिहून चौकोन आखलाय," ते म्हणाले. "पट्टीने आखलाय, नीट. तो रिकामा आहे."