जावक कपाटातली पत्रं

म्हाताऱ्याने कवळी काढून पेल्यातल्या पाण्यात टाकली आणि ओठांच्या कडेची लाळ चादरीच्या टोकाने पुसली. समोर स्टुलावर बसलेल्या मुलीने नजर खिडकीकडे वळवली. सूनबाईंनी आणून ठेवलेल्या पाण्याला तिने हात लावला नव्हता. घसा कोरडा पडला होता, पण या घरातलं पाणी खाली उतरलं नसतं.

वर्गात तिला सगळे सोवळी म्हणत. अभिलेखशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात बाकीचे एक हातमोजा चढवत, ही दोन, एकावर एक. जुने कागद म्हणजे झुरळांची अंडी, उंदरांच्या लेंड्या आणि बुरशीचा गोडसर वास. तुला कुणी सांगितलं होतं या वाटेला जायला, असं मैत्रिणी चिडवायच्या. प्रबंधासाठी वेड्यांच्या बंद पडलेल्या इस्पितळाचं दफ्तर तिच्या वाट्याला आलं. खरी किळस म्हणजे काय, हे मात्र तिला जावक कपाट उघडल्यावर कळलं. आत दोनशेच्या वर पत्रं होती. रोग्यांनी घरी लिहिलेली. पाकिटं चिकटवलेली, वर याच शहरातले पत्ते, आणि तिकीट एकावरही नाही. चाळीस वर्षं तशीच.

आवक-जावक कारकुनाने ती टाकलीच नव्हती. पोस्ट तर फाटकासमोर, हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. लेंडी झटकता येते, बुरशी ब्रशने निघते. असला माणूस कशाने निघणार?

पत्रं सुतळीने बांधलेल्या लहान लहान जुड्यांत होती. मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं, मूळ क्रम मोडू नकोस, क्रमही बोलतो. चोराच्या पोतडीला कसला आलाय क्रम, असं पुटपुटत तिने सगळ्या जुड्या सोडल्या आणि पत्रं आडनावांप्रमाणे लावली. बंद पाकीट उघडायला घरच्यांची संमती लागते. तिने बावन्न घरांना रजिस्टर पत्रं धाडली. एकाही घराने सही दिली नाही. बरीचशी तर ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊनच परत आली. एकाने उलट कळवलं, हा इसम आमच्या घरात कधी नव्हताच. हेही पाप तिने कारकुनाच्याच माथी मारलं. वेळेवर दोन ओळी पोचल्या असत्या, तर रक्ताची माणसं इतकी तुटली असती का? माणसाचं मन असंच असतं बघा. एकदा वैरी सापडला, की गावचा सगळा कचरा त्याच्याच दारात.

प्रकरण लिहून झालं. चोवीस पानं. त्यात त्याचं नाव होतं, हुद्दा होता आणि ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द होता. परवा प्रबंध द्यायचा होता, नाहीतर वर्ष वाया. पण बाई अडून बसल्या. माणूस जिवंत आहे, नव्वदीला टेकलाय. त्याला न विचारता त्याच्या तोंडाला काळं फासणार असशील, तर माझी सही मिळणार नाही, म्हणाल्या. म्हणून ती आली होती. फोनवर रेकॉर्डिंग लावून तिने सरळच विचारलं, जावक कपाटातल्या पत्रांचं काय?

तिला वाटलं होतं, तो कानांवर हात ठेवील. तो उलट उठून बसायला धडपडला. खोकल्याची उबळ आली. कफ त्याने उशापाशी ठेवलेल्या डब्यात टाकला. डब्याला झाकण नव्हतं.

“जुड्या सोडल्या नाहीस ना, पोरी? एकेका रविवारची एकेक जुडी आहे. त्या त्या दिवशी परत आलेली.”

“परत आलेली म्हणजे?”

मग बोळक्या तोंडाने, थुंकी उडवत त्याने सांगितलं. आधी सगळी पत्रं टपालानेच जात. शहरातली घरं ती घेत नसत. पोस्टमन वॉर्डात येऊन ज्याचं त्याच्या हातात परत ठेवी. एका बाईने आपलंच पत्र आलेलं पाहिलं आणि अन्न सोडलं. पंधरा दिवसांत गेली. तेव्हापासून त्याने शहरातल्या पत्रांना तिकीट लावणं बंद केलं. सुट्टीच्या दिवशी सायकल काढायची आणि दारोदार फिरायचं. ज्यांनी घेतली, त्यांची कपाटात नाहीत. बाकीच्यांत कुणी कुत्रं अंगावर सोडलं, कुणी माडीवरून पाणी ओतलं. एका वकिलीणबाईंनी पाकीट चिमट्यात धरून परत दिलं. वेड चिकटायला नको म्हणून.

सोवळीला किळस आली. या वेळी ती म्हाताऱ्याची नव्हती.

रोग्यांना काय सांगायचात, असं तिने विचारलं.

“पोचलं म्हणायचो. दुसरं काय सांगणार? मग पुढचं लिहायला बसायचे.”

पिशवीतली चोवीस पानं आता रद्दीच्याही लायकीची नव्हती. आणि त्याची बाजू मांडणारा एकच पुरावा होता, त्या जुड्या. तो तिने स्वतःच्या हातांनी, दोन-दोन मोजे घालून, मोडला होता.

म्हाताऱ्याने चाचपडत तिचा हात धरला. त्याचा हात ओलसर होता, चिकट होता.

“तू आता सगळ्यांची घरं शोधली असशील,” तो म्हणाला. “घेतली का गं कुणी?”

फोनवरचा लाल ठिपका जळत होता. शब्द न् शब्द दफ्तरी जमा होत होता.

“पोचली, आजोबा,” ती म्हणाली. “सगळी पोचली.”