गोजरबाईची गाठ

बसा पावनं, बहात्तरच्या दुष्काळातली गोजरबाईची गोष्ट सांगतो. शेवगावच्या रस्त्यावर खडी फोडताना तिला भोवळ आली. कामावर तपासायला आलेला नगरचा तरना डागतर म्हनाला, "बाई, मूत्रपिंडावर सगळ्यांनाच एक ग्रंथी असते, रसाची बारकी गाठ. काळजीनं तुमची ती गाठ थांबेनाच झालीय. धोक्याच्या वेळी लागतो तो रस रात्रंदिवस बनवतेय. घरी बसा." मुकादमाला तेच पायजे हुतं. "ऐकलंस? तुझ्या जागी माजी मेव्हनी बसवतो." जागा गेली तर गोजरबाईची चूल गेली. पन ती फिसकन हसली. "डागतर, हिरीनं काम सोडलं, बैलानं सोडलं, आभाळानंबी सोडलं. ती गाठ तेवढी माज्यासंगं राबती. तिला येकटी टाकून घरी बसू व्हय?" तिनं हातोडी उचलली अन् मुकादमाच्या पायाजवळचाच धोंडा फोडला. त्यानं पुन्हा मेव्हनीचं नाव काढलं न्हाई. पावनं, त्या रस्त्यानं जाताना खडी टोचली तर खुशाल शिव्या द्या, पन गोजरबाईला बिचारी म्हनू नका.