तिसऱ्या खिडकीखालचा ओघळ

"इतका नीटनेटका नको हो," ती म्हणाली. "माझ्या भावाला एवढं छान कुठे यायचं!"

कारागिराने नवा केलेला डबा परत घेतला. जुन्या मॉडेल आगगाड्या दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. पण चांगलं झालं म्हणून काम परत येण्याची ही पहिलीच खेप.

गाडी सात लाकडी डब्यांची. सहा डबे तिच्या वडिलांनी रंगवलेले, आरशासारखे. सातवा भावाने चौदाव्या वर्षी रंगवला. पंधरावं त्याला लागलंच नाही. कपाट सरकवताना तिच्याकडून नेमका तोच चिरडला. वडिलांना तिने सांगितलं, चाक निखळलंय, दुरुस्तीला दिलंय. वडील अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी गोळ्या निम्म्यावर आणल्या होत्या, आणि आता किती दिवस उरले, हे घरात कुणी विचारत नव्हतं. रोज सकाळी ते उठून बसत ते तेवढ्या एका डब्यावरून हात फिरवायला.

"आणि त्यांनी ओळखलं तर?"

"तर उठून बसायचं कारणच संपलं, दादा."

कारागिराने पुन्हा चिरडलेल्या डब्याच्या चिरफळ्या भिंगाखाली धरल्या. पोराने रंग ओला असतानाच व्हार्निश फासलेलं. त्याला सायीसारख्या सुरकुत्या पडलेल्या, त्यावर वर्षांचा पिवळेपणा, आणि तिसऱ्या खिडकीखाली एक जाड ओघळ. पिवळेपणाचं काही नाही. व्हार्निशमध्ये तपकिरी रंगाचा थेंब टाकला की झालं. घोडं अडलं होतं हातापाशी. ओघळ सुटला रे सुटला, की त्याचा कुंचला आपसूक जाऊन तो टिपून येई. चाळीस वर्षांची खोड.

"अहो, वाईट रंगवायला तीन आठवडे?" त्याची बायको म्हणाली. "आपलं दार तर एका दुपारीत जमलं होतं तुम्हाला."

पाचव्यांदा सगळं खरवडून त्याने कुंचला डाव्या हातात धरला. ओघळ सुटला, वाकडा झाला आणि तिसऱ्या खिडकीखाली येऊन थिजला. उजवा हात त्याने मांडीखाली दाबून ठेवला होता.

डबा तिने उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, "तुम्हीच द्या बाबांच्या हातात. माझ्या तोंडावर सगळं दिसतं."

वडिलांना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी डबा मांडीवर घेतला. हाडकुळं बोट सुरकुत्यांवरून सरकत गेलं आणि ओघळापाशी थांबलं.

"चाक बसलं का नीट?"

"बसलं, काका."

"आमच्या पोराचा हात हा," वडील म्हणाले. "धांदरट मेला. रंग वाळेपर्यंत कुठला धीर!"

दाराशी उभ्या लेकीचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत ती पाणी आणायला आत गेली.

तिची पावलं लांब गेल्यावर वडिलांनी कारागिराला बोटाने जवळ बोलावलं.

"पोराचा डबा माझ्याच हातून फुटला, तिची आई होती तेव्हा," ते कुजबुजले. "तिच्या आईला कळू नये म्हणून मी तसाच दुसरा केला, तुमच्याकडे आला तो. या ओघळापायी मला दोन महिने लागले हो. तुम्हाला?"