वरच्या मजल्याचा ताबा

श्रीनिधीनं शेवटची ट्रंक खाली आणली आणि बाळकृष्णअण्णांनी वरच्या मजल्याला स्वतःच्या हातानं कुलूप घातलं. दोनदा ओढून पाहिलं. आता कुठं त्यांच्या जिवात जीव आला.

कोप्पीकर रोडवरच्या दुकानात उभा जन्म साड्यांच्या घड्या घालून अण्णांनी तो मजला चढवला होता. आता त्याचाच घोर लागला होता. भाडेकरू वाईट म्हणाल, तर तसं काही नाही. श्रीनिधी, त्याची बायको, तान्हं पोर आणि आई पार्वतीबाई. सगळी गरीब गाय. पण चुलतभाऊ विठ्ठलरावांची गोकुळ रोडवरची शेड अशाच एका गरीब गाईनं दाबली होती, आणि विठ्ठलराव अजून कोर्टाचे जिने चढत होते. त्यामुळं अण्णा सावध. नळाला पाणी येऊन टाकी वाहायला लागली, की खालून ओरडायचे, "ओ वरचे! कॉक बंद करा!" नावानं हाक कधी मारली नाही. नावानं हाक मारली की ओळख वाढते, ओळख वाढली की हक्क वाढतो, असं त्यांचं गणित!

वकिलानं सल्ला दिला होता, "अकरा महिन्यांचा करार संपला, की एक दिवस तरी घर रिकामं करून घ्या. मग नवा भाडेकरू आला असं समजून नव्यानं आत घ्या."

"एका दिवसासाठी तान्ह्या पोराला घेऊन ती जातील कुठं?" अण्णांच्या पत्नी शांताबाई म्हणाल्या. "आपल्यातच राहू देत की."

एका दिवसाचा तर प्रश्न! अण्णांनी मोठ्या मनानं मान हलवली. भांडी स्वयंपाकघरात शिरली. पाळणा हॉलच्या कडीला लागला. पार्वतीबाई अण्णांच्या आरामखुर्चीत टेकल्या, त्या उठेचनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा किल्ली घेऊन उभे राहिले.

"चला, आजपासून तुम्ही नवे भाडेकरू. मागचं सगळं विसरायचं. नव्या घरात नव्यानं पाऊल टाकायचं."

पार्वतीबाईंनी कानाला हात लावले. "अय्यय्यो अण्णा, आज आषाढ लागला की हो! आषाढात कुणी नव्या घरात दूध उतू घालतं होय?"

अण्णा स्वतः आषाढात दुकानाचा साधा पडदासुद्धा बदलत नसत.

"अहो, पण घर तेच आहे ना," ते कसंबसं म्हणाले.

"आत्ताच तुम्ही नवं म्हणालात की!"

शांताबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसताहेत हे अण्णांना चांगलं कळलं आणि ते आणखीच चिडले. त्यांनी तडक वकिलाला फोन लावला.

"महिनाभर?" वकील किंचाळला. "तुमच्या राहत्या घरात? तेही करार नसताना? अहो, निदान वरचा मजला तरी मोकळा सोडू नका. तिथं ताबा तुमचाच दिसला पाहिजे!"

खाली तसंही अण्णांना पाठ टेकायला जागा उरली नव्हती. संध्याकाळी ते गादी, तांब्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन वर गेले. आतून कडी लावली. आपलं घर आपल्या ताब्यात आहे या विचारानं त्यांना फार बरं वाटलं, आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी ते दचकून जागे झाले. नळाला पाणी आलं होतं, टाकी भरून जिन्यावरून धो धो वाहत होती. आणि खालून, त्यांच्याच आरामखुर्चीतून, पार्वतीबाईंची खणखणीत हाक येत होती,

"ओ वरचे! कॉक बंद करा!"